मावशींची वही: एका मंडळीचे प्रकरण

कोपरखैरणे आणि घणसोलीच्या पट्ट्यातल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, हे घडले. मी ठाण्यातल्या दुसऱ्या मंडळीची आहे आणि आमच्याकडे रुग्णभेटीचे काम पाहते. बैठकीत बाहेरचे कोणीतरी असावे असे त्या मंडळीच्या पाळकांना (पास्टरांना) वाटले, म्हणून त्यांनी मला बोलावले आणि पुढचे बरेच महिने मी त्यांच्या चर्चांना बसले. संबंधित कुटुंबाच्या आणि मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडील मंडळाच्या संमतीने हे लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नावे दिलेली नाहीत.

माणसाला देवाच्या जागी बसवण्याचा विषय आपल्याकडे निघतो तो बहुधा एखादा मोठा प्रचारक पैशांत किंवा चारित्र्यात घसरल्यावर. तिथे बोट दाखवायला माणूस सापडतो. इथे कोणीच घसरले नव्हते. सगळे जिला मावशी म्हणत आणि सगळ्यांचा जीव जिच्यावर होता ती बाई आजारी पडली, एवढेच झाले, आणि तेवढ्याने कितीतरी जणांचा विश्वास मुळापासून हलला.

पार्श्वभूमी

1970 मध्ये सिडको स्थापन झाली आणि खाडीपलीकडे वसाहती उभ्या राहू लागल्या, तशी नगर, जालना, सातारा या भागांतली ख्रिस्ती कुटुंबेही इकडे आली. कोणी तुर्भ्याच्या बाजारात माथाडी, कोणी रबाळ्याच्या कारखान्यात, कोणी दवाखान्यात. ही मंडळी अशाच साठेक कुटुंबांची. स्वतःची इमारत नाही. रविवारची उपासना एका शाळेच्या सभागृहात होते.

मावशी मूळच्या नगर जिल्ह्यातल्या. नवरा लवकर वारला. एका नर्सिंग होममध्ये आयाचे काम करून त्यांनी मुलीला वाढवले. घर म्हणजे बैठ्या चाळीतली एक खोली आणि स्वयंपाकघर. दर शुक्रवारी तिथे उपास-प्रार्थना असे. सुरुवातीला शेजारच्या चार-पाच बायका, पुढे ऐरोली, दिघा, दिवा, ठाणे इथूनही लोक येऊ लागले. खोलीत मावेनात म्हणून बोळात सतरंजी पडू लागली.

मावशींकडे एक लांब वही होती. आलेल्या प्रत्येकाचे नाव, त्याची विनंती आणि तारीख त्या लिहून घेत. पहाटे चारला उठून ओळीने प्रत्येक नाव घेत. काम झाले की त्या नावापुढे लाल पेनाने ‘धन्यवाद’ लिहीत. घणसोलीतल्या एका तरुणाची दारू त्यांच्या घरी बसूनच सुटली होती. भांडून माहेरी गेलेल्या लेकीसुना परत आल्या होत्या. हे सगळे खरे आहे, आणि या लेखात पुढे जे काही येईल त्याने त्यातले काहीही कमी होत नाही.

“मी काही केलं नाही, त्यानं केलं,” हे मावशींचे ठरलेले वाक्य. मनापासून म्हणत. पण ऐकणारे म्हणत, “बघा, किती नम्र!” आणि आदर आणखी वाढे. लुस्त्र नगरात लंगडा चालू लागला तेव्हा लोक पौल आणि बर्णबा या ख्रिस्ती प्रेषितांना देव समजून त्यांच्यासाठी बैल आणि हार घेऊन आले. त्या दोघांनी कपडे फाडले, ओरडून सांगितले, तरी लोकांना आवरणे कठीण गेले असे बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात आहे. स्वतः त्या माणसाने नाकारून हे थांबत नाही. भोवतीच्यांनीच थांबवायचे असते, आणि इथे भोवतीच्यांना तसे काही दिसत नव्हते.

बदल इतका हळू झाला की कोणाला तारीख सांगता येत नाही. “प्रार्थना केलीस का?” या प्रश्नाची जागा “मावशींच्या वहीत नाव घातलंस का?” या प्रश्नाने घेतली. दहावीची हॉल तिकिटे त्या वहीत ठेवायला येऊ लागली. मुलाखतीला निघालेला पोरगा वाशी स्टेशनवरून मावशींना फोन करी आणि त्यांनी ‘हो’ म्हटले की गाडीत चढे. रविवारी साक्ष, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केले ते, सांगताना लोक उभे राहत आणि पहिल्या वाक्यात मावशी येत, दुसऱ्यात मावशी येत, प्रभू शेवटी येई. पाळकांनी बैठकीत सरळ सांगितले की त्यांना हे दिसत होते. पण शुक्रवारची गर्दी रविवारीही दिसायची, आणि त्यांच्या स्वतःच्या मुलीच्या प्रवेशासाठी त्यांनीही वहीत नाव दिले होते.

याला आधारही वचनाचाच दिला जाई. याकोबाच्या पत्रातले ‘नीतिमानाची प्रार्थना कार्य करण्यात फार प्रबळ असते’ हे वाक्य त्या घराच्या भिंतीवर फ्रेममध्ये होते. नीतिमान म्हणजे मावशी, हे सगळ्यांनी गृहीत धरले होते.

अडचण

एका पहाटे मावशींना झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्तपुरवठा तुटला. जीव वाचला, पण उजवा हात-पाय लुळा पडला आणि वाचा गेली.

इथे वैद्यकीय बाजू थोडी सांगायला हवी, कारण पुढचा सगळा गोंधळ ती माहीत नसल्याने झाला. बहुतेक माणसांत भाषेचे काम मेंदूच्या डाव्या भागात चालते. तिथे इजा झाली की वाचाघात होतो: माणसाला बरेचसे कळते, मनात बोलायचेही असते, पण शब्द सापडत नाहीत. मात्र तोंडात बसलेल्या गोष्टी, म्हणजे आकडे, पाठ असलेली गाणी, सवयीचे उद्गार आणि शिव्याही, कधी कधी आपोआप बाहेर पडतात. ज्या बाईने जन्मात शिवी दिली नाही तिच्या तोंडूनही, लहानपणी गावात कानावर पडलेली शिवी येऊ शकते. त्यात तिचा राग नसतो, हेतू नसतो.

घरी आणल्यानंतर काही दिवसांनी दिव्याचे एक कुटुंब तापाने फणफणलेले मूल घेऊन आले. मावशी बोलू शकत नाहीत हे त्यांना ठाऊक होते. निदान हात तरी ठेवावा म्हणून त्यांनी मावशींचा डावा हात उचलून मुलाच्या डोक्यावर ठेवला. मावशींनी काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला आणि तोंडातून शिवी आली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तीच. स्वतःचे शब्द ऐकून त्या रडू लागल्या. कुटुंब मूल उचलून निघून गेले.

संध्याकाळपर्यंत ही बातमी सगळीकडे. कोणी म्हणाले, आत्मा त्यांना सोडून गेला. कोणी म्हणाले, इतक्यांचे आजार अंगावर घेतले, ते आता बाहेर पडताहेत. एका गटाने तर जुना हिशेब काढला: मग आमच्यासाठी केलेल्या प्रार्थना खऱ्या होत्या का?

पाळकांनी त्याच रात्री मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संदेश टाकला की मावशी एकांतात प्रार्थनेत वेळ घालवत आहेत, कोणी भेटायला जाऊ नये. त्यांची लाज राखावी हा उद्देश होता. पण संदेश खरा नव्हता, आणि ज्यांनी मावशींना पाहिले होते त्यांना ते ठाऊक होते.

घणसोलीच्या त्या तरुणाने मात्र कोणाशी वाद घातला नाही. तो उपासनेला यायचा बंद झाला. पाळक भेटायला गेले तेव्हा म्हणाला, “पास्टर, मी देवाला कधी ओळखतच नव्हतो. मी मावशींना ओळखत होतो. त्या म्हणाल्या देव आहे, म्हणून होता.”

हे वाक्य पाळकांनी वडील मंडळापुढे ठेवले आणि मगच खरी चर्चा सुरू झाली. माझ्या मते ते पूर्ण प्रकरणातले सर्वांत प्रामाणिक वाक्य आहे. इतर अनेकांची स्थिती तीच होती. त्याने ती ओळखली.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय गप्प राहण्याचा. मावशी सुधारतील, लोक विसरतील. वडील मंडळातल्या दोघांचे मत असेच होते. ग्रुपवरच्या संदेशाचे काय करायचे, याचे उत्तर मात्र त्यांच्याकडे नव्हते.

दुसरा पर्याय वारसाचा. एलीया संदेष्टा स्वर्गात घेतला गेला तेव्हा त्याचा झगा त्याचा शिष्य अलीशाने उचलला, तसा मावशींचा अभिषेक त्यांच्या लेकीवर आला आहे असे शुक्रवारच्या बायकांनी ठरवूनच टाकले होते. लेक महापे येथे नोकरी करते, आता रजेवर होती. तिने एकदाच सांगितले, “मी आईची मुलगी आहे. मला आईचं करू द्या. तिच्या खुर्चीत मला बसवू नका.” त्यावरही दोघी-तिघी तिच्याकडे गुपचूप नावे देत राहिल्या.

तिसऱ्या पर्यायाला तरुणांचा पाठिंबा होता. बाहेरून आरोग्यदानासाठी प्रसिद्ध असलेल्या एखाद्या सेवकाला बोलवावे, मोठी सभा घ्यावी, मावशींसाठीच प्रार्थना व्हावी. मैदानाच्या भाड्याची चौकशीही झाली. पाळकांनी विचारले, “आणि मावशी बऱ्या झाल्या नाहीत तर?” कोणी बोलले नाही. मग त्यांनीच पुढे विचारले, “आणि बऱ्या झाल्या, तर पुढच्या शुक्रवारी लोक कोणाचं नाव घेतील?” हा दुसरा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो. एका आवडत्या माणसाची जागा दुसऱ्याने भरली असती आणि मूळ दुखणे झाकले गेले असते.

चौथा पर्याय एका निवृत्त शिक्षकांनी मांडला. मंडळीत सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. शुक्रवार बंद करा आणि ती वही जाळा. त्यांच्याकडे शास्त्रातला आधार पक्का होता. रानात सापांनी दंश केलेल्या लोकांसाठी मोशेने देवाच्या आज्ञेने पितळी साप केला. शतकांनंतर लोक त्याच सापापुढे धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडून टाकला. वस्तू देवाने दिलेली होती, तिने खरेच जीव वाचवले होते, तरीही फोडावी लागली. गुरुजींचा मुद्दा असा की वहीचे आता तेच झाले आहे, आणि तसे पुरावेही होते. मावशी दवाखान्यात असताना कोणीतरी वहीच्या पानांचे फोटो काढले होते. आपल्या नावाचे पान मोबाइलच्या स्क्रीनवर ठेवणारे दोघे होते.

गुरुजींना आपल्या भागाचा इतिहास चांगला ठाऊक आहे. 1321 साली याच ठाण्यात चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू श्रद्धेसाठी मारले गेले. पुढे ओदोरिक नावाचा त्यांचाच एक धर्मबंधू इथे आला आणि त्यांच्या अस्थी बरोबर घेऊन समुद्रमार्गे चीनपर्यंत गेला. गुरुजी म्हणाले, “त्या माणसाचं प्रेम मला समजतं. मीही ठाण्यात राहिलो असतो तर मला त्या जागेचा अभिमान वाटला असता. पण मेलेल्यांची हाडं देवाची गादी चालवत नाहीत.” इथे मी त्यांना थांबवले, कारण आमच्या कॅथलिक शेजाऱ्यांवर अन्याय होत होता. त्यांची शिकवणही ही रेषा आखते: 787 सालच्या निकीयाच्या दुसऱ्या परिषदेने आराधना फक्त देवाची आणि प्रतिमांना व संतांना केवळ मान, असा भेद स्पष्ट केला. रेषा कागदावर सगळ्यांकडेच आहे. आपल्या मंडळीत संतांच्या मूर्ती नाहीत म्हणून आपण सुरक्षित आहोत, हा आपला गैरसमज या वहीने उघडा पाडला होता.

वही जाळायला लेकीने नकार दिला. ती आईच्या हस्ताक्षरात आहे, आणि आई अजून जिवंत आहे, असे ती म्हणाली. शिवाय वहीत लोकांच्या घरातल्या गोष्टी आहेत: कोणाचे कर्ज, कोणाचा गर्भपात, कोणाच्या नवऱ्याची मारहाण. ते ना जाळून संपेल, ना कपाटात ठेवून सुरक्षित राहील.

बैठक दोनदा तिथेच अडली.

काय केले

पहिली कृती सत्य सांगण्याची झाली. लेकीला विचारून, रविवारी उपासनेनंतर पाळकांनी मावशींची खरी स्थिती सांगितली. ग्रुपवरचा संदेश चुकीचा होता हेही उभे राहून सांगितले. मंडळीतल्या एका परिचारिकेने वाचाघात म्हणजे काय ते साध्या भाषेत समजावले, शिव्या का येतात तेही. दिव्याचे ते कुटुंब त्या दिवशी आले होते. मुलाची आई उठून म्हणाली की आम्ही भीतीने चार जणांना सांगितले, आता त्या चौघांना परत सांगू.

दुसरी कृती शिकवणीची. पाळकांनी पुढचे काही रविवार एकच धागा धरला. कर्नेल्य नावाचा रोमी अधिकारी पाया पडला तेव्हा येशूचा शिष्य पेत्र याने त्याला उठवले आणि मीही मनुष्यच आहे असे सांगितले. सुंदर नावाच्या दरवाजापाशी लंगडा बरा झाल्यावर त्याच पेत्राने लोकांना विचारले, आम्ही आमच्या सामर्थ्याने किंवा सुभक्तीने हे केले असे समजून आमच्याकडे का पाहता? करिंथात मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा असे गट पडले, तेव्हा पौलाने उत्तर दिले की मी लावले, अपुल्लोसाने पाणी घातले, पण देव वाढवत गेला. सर्वांत परिणाम झाला तो मात्र भिंतीवरच्या फ्रेममधल्या वचनाचा. पाळकांनी मंडळीला याकोब 5 उघडून सोळावे वचन पूर्ण आणि त्यापुढचे सतरावे वाचायला लावले. सोळाव्याच्या पहिल्या भागातच ‘एकमेकांसाठी प्रार्थना करा’ असे आहे. आणि सतरावे सांगते की एलीया आपल्यासारख्याच स्वभावाचा माणूस होता. इतकी वर्षे सगळ्यांनी मधला तुकडाच फ्रेम करून टांगला होता.

याच काळात पाळकांनी लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण दिले आणि ते मला फार नेमके वाटले. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, लक्ष्मीबाईंचा 1900 चा. एवढ्या मोठ्या भक्त कवीची बायको असूनही त्यांना पुढची पाच वर्षे स्वतःची वाट स्वतः चालावी लागली. आणि पुढे त्यांनी नवऱ्याबद्दल लिहिले तेव्हा त्याची भक्ती लिहिली तसा संतापही लिहिला, हातचे देऊन टाकण्याचा अविचारही लिहिला. वाचणाऱ्याचे टिळकांवरचे प्रेम त्याने कमी होत नाही. मावशींबद्दल अशी पूर्ण साक्ष आपण कधी दिली का, असे पाळकांनी विचारले. मग लेक पहिल्यांदा बोलली. आई हट्टी आहे. सख्ख्या भावाशी जमिनीवरून दहा वर्षे अबोला धरला होता. पहाटे प्रार्थना करून उठल्यावर सकाळी नळावर शेजारणीशी भांडलीही आहे. सभागृहात हशा झाला. मला आठवते, त्या हशानंतर मावशींबद्दल बोलताना लोकांचे आवाज नेहमीसारखे झाले, दबके राहिले नाहीत.

तिसरी कृती वहीची. तोडगा लेकीनेच काढला. वही जाळायची नाही, ठेवायचीही नाही. ज्याचे पान त्याला परत द्यायचे. तिने घरी बसून एकेक पान सोडवले, एका पानावर अनेक नावे असतील तिथे ओळी कापल्या, पाकिटे केली. प्रत्येक पाकीट देताना पाळक एवढेच म्हणत, “ही विनंती तुमची आहे. आता तुम्ही स्वतः ती त्याच्यापुढे ठेवा.” काहींनी पाकीट घेतले नाही. एक बाई रागावून म्हणाली, “माझं नाव मावशींच्या घरातून बाहेर काढताय?” तिला त्यात शाप दिसला. तिच्याशी पाळकांची पत्नी कित्येक दिवस बोलत राहिली.

पाने सोडवताना लेकीला जे आढळले ते तिने नावे न घेता सांगितले. लाल ‘धन्यवाद’ नसलेली नावे खूप होती. काहींपुढे मावशींनी वर्षानुवर्षे तारखा टाकल्या होत्या. सगळ्या विनंत्या पुऱ्या होतात हा समज वहीनेच खोडून काढला. पुऱ्या झालेल्यांच्या साक्षी तेवढ्या सभागृहात ऐकू आल्या होत्या, उरलेले गप्प बसून ऐकत होते.

चौथी कृती शुक्रवारची. प्रार्थना बंद झाली नाही, पण घर बदलत राहायचे ठरले आणि चालवणारेही. नियम एकच: दुसऱ्याकडून प्रार्थना मागण्याआधी स्वतः मोठ्याने एक वाक्य तरी देवाशी बोलायचे. हे वाटले त्याहून फार अवघड गेले. तुर्भ्याच्या बाजारात आयुष्यभर पोती वाहिलेले एक काका पहिल्या शुक्रवारी घामाघूम झाले. “मला येत नाही हो. मावशी बोलायच्या, मी आमेन म्हणायचो.” कोणी शब्द पुरवले नाहीत. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “देवा, गुडघा दुखतोय आणि पोरगं ऐकत नाही.” तेवढेच. पुढच्या आठवड्यात ते स्वतःहून आले.

ज्यांना शब्दच सुचत नव्हते त्यांच्यासाठी स्तोत्रे वाचली गेली, मुद्दाम तक्रारीची. 88वे स्तोत्र शेवटपर्यंत अंधारातच राहते, त्यात दिलासा येत नाही. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे आणि ते देवालाच उद्देशून आहे. मावशी बऱ्या का होत नाहीत, हा प्रश्न देवासमोर रागानेही मांडता येतो, हे अनेकांना तेव्हा पहिल्यांदा कळले.

परिणाम

सगळे गोड झाले नाही. सात-आठ कुटुंबे सोडून गेली. त्यांतली बरीच एका मोठ्या सभेत जातात, जिथे मंचावरून नाव घेऊन प्रार्थना मिळते. शुक्रवारची संख्या पूर्वीच्या मानाने फारच कमी आहे. अर्पणही घटले, आणि सभागृहाचे भाडे भरताना ते जाणवते.

राहिलेल्यांत फरक दिसतो. साक्षी लहान झाल्या आहेत आणि काही साक्षी ‘अजून उत्तर नाही’ इथेच थांबतात. आजारी माणसाकडे जाताना आता दोन-तीन जण मिळून जातात. कोणाचा हात ‘चालतो’ याची चर्चा होत नाही. पाळकांनाही सुटका मिळाली, कारण मावशींनंतर त्यांच्याकडेच लोकांच्या नजरा वळायला लागल्या होत्या.

घणसोलीचा तरुण उपासनेला परतलेला नाही. मात्र दर मंगळवारी रिक्षा घेऊन येतो, मावशींना उचलून बाहेर आणतो, फिजिओथेरपीला नेतो आणि परत सोडतो. पाळक त्याला काही विचारत नाहीत. तो पुन्हा दारूकडे वळलेला नाही. काहींना वाटते त्याला जवळ बसवून बोलावे. मला वाटते त्याला वेळ द्यावा. दुसऱ्याच्या सांगण्यावरून मानलेला देव त्याने सोडला आहे, आणि आता तो जे काही शोधेल ते त्याचे स्वतःचे असेल. हे धोक्याचे आहे, हे मान्य.

मावशी अजूनही बोलू शकत नाहीत. जुनी गीते मात्र सुरात म्हणतात, शब्दांसकट. वाचाघातात हे होते. गाण्याच्या चालीला मेंदूचा उजवा भागही हातभार लावतो. कोणी याला चमत्कार म्हणायला निघाले तेव्हा परिचारिकेने शांतपणे कारण सांगितले, आणि गुरुजी म्हणाले की कारण सांगितल्याने देवाचे उपकार कमी होत नाहीत.

वेगळे काय करता आले असते

ग्रुपवरचा पहिला संदेश टाळता आला असता, हे उघड आहे. त्या एका खोट्याने अफवांना जेवढे बळ दिले तेवढे शिवीनेही दिले नसते.

शुक्रवार मावशींच्या आजारपणाआधीच वाटून घ्यायला हवा होता. त्या धडधाकट असताना त्यांनी स्वतः दुसऱ्यांना पुढे केले असते तर लोकांनी ऐकले असते. त्यांना कोणी तसे सुचवलेच नाही, कारण चाललेले नीट चालले होते. साक्षींबाबतही तसेच. पूर्ण न झालेल्या विनंत्यांना सभागृहात जागा असती, तर वही उघडल्यावर कोणाला धक्का बसला नसता.

पण माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे आणि तो मी बैठकीतही मांडला. वही जाळायची, ठेवायची की वाटायची यावर आम्ही कित्येक तास बोललो आणि जिची वही होती तिला कोणी विचारले नाही. वाचाघात झालेल्या माणसाला विचारता येते. मावशींना बरेचसे समजत होते. होकार-नकाराला त्या मान हलवत होत्या. वाचाउपचार करणाऱ्या बाईंनी चित्रांची पाटी दिली होती, ती गादीखाली पडून होती. लेकीचा निर्णय चांगला होता, मावशींनाही बहुधा पटला असता. पण पाने सुटून गेल्यावर तो विचारण्यात अर्थ उरला नाही.

आणि हे फक्त आजारपणात झाले नाही. मी शुक्रवारच्या बायकांना विचारले की इतक्या वर्षांत मावशींनी स्वतःसाठी काय मागितले, तुम्ही त्यांच्यासाठी काय मागत होतात? कोणालाच सांगता येईना. भावाचा अबोला त्यांच्यापैकी कोणाला ठाऊक नव्हता. माणसाला देवाजवळ नेऊन बसवले की त्याचे दुखणे-खुपणे आपल्या नजरेतून सुटते. त्यात देवाचा अवमान होतो, आणि त्या माणसावरही अन्याय होतो. मावशी सगळ्यांच्या होत्या आणि पहाटे चारला एकट्या होत्या.

त्या बैठकीनंतर परिचारिका आणि मी पाटी घेऊन गेलो. तुमच्यासाठी काय मागू, असे विचारले. पाटीवर झोप, दुखणे, जेवण, चालणे, देऊळ-चर्च अशी चित्रे होती. मावशींनी ती सगळी डाव्या हाताने बाजूला सारली आणि भिंतीवरच्या लेकीच्या फोटोकडे बोट केले. लेकीची रजा संपत आली होती, बिनपगारी सुरू होणार होती. आम्ही तिथे प्रार्थना केली आणि रविवारी वडील मंडळाने दिवसाच्या पाळ्या लावल्या. सोमवार ते शनिवार, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, दोघी-दोघी. पूर्वी जिथे नाव द्यायला रांग लागे तिथे आता जेवण भरवायला, अंग पुसायला लोक जातात. वहीचे पाकीट न घेतलेली ती बाई बुधवारी दुपारी असते. लेक महाप्याच्या नोकरीवर परत रुजू झाली. गुरुवारच्या सकाळच्या पाळीला अजून कोणी मिळालेले नाही, तेवढे पाळक आणि त्यांची पत्नी आलटून पालटून करतात.